गिझर लावला की खटका का पडतो?

मंडळी, बालाजी महाराजांची यात्रा आटोपते, देऊळगाव राजात सकाळचा गारवा जाणवू लागतो आणि कित्येक महिने बंद असलेला गिझर सुरू होतो. मग काही घरांत पहिल्याच दिवशी लाईट जाते. "खटका खराब झालाय, बदलून टाका," असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा खटका चांगलाच असतो. बिघाड दुसरीकडे असतो.

आधी बोर्डावर बघा, नेमकं काय पडलं? साधा एमसीबी जास्त करंट गेला की पडतो. ज्यावर टेस्टचं बटण असतं, तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपियरच्या फरकाला लाईन तोडतो.

एमसीबी पडत असेल तर हिशेब करा. 3000 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे 13 अँपियर. 16 चा एमसीबी हे पेलतो. त्याच लाईनवर 2000 वॅटची शेगडी लावली की बेरीज 22 च्या घरात जाते आणि थोडा वेळ चालून तो पडू शकतो. तिथे 32 चा बसवला तर पडणं थांबेल, पण भिंतीतली वायर तीच राहते. ती तापते आणि आग लागू शकते. बटण दाबताक्षणी एमसीबी पडला, तर शॉर्ट समजा.

आरसीसीबी पडत असेल तर संशय कॉईलवर घ्या. कॉईलमध्ये आत तार, बाहेर धातूची नळी आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी असते. ही भुकटी ओल शोषते. टोकाचं सील गेलं की दमट हवा आत शिरते आणि करंट नळीकडे गळतो. बोअरच्या जड पाण्याचा थर बसूनही नळी तापून तडकते. ओव्हन असो की परदेशात मांस धुरावर भाजायची विजेची पेटी, कॉईलचं दुखणं हेच.

तपासताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. बटण सहसा फक्त फेज तोडतं. न्यूट्रलकडून गळती असेल तर आरसीसीबी तरीही पडू शकतो. प्लग काढल्यावर तो टिकला, तर दोष गिझरमध्ये. मग इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने कॉईल आणि अर्थिंगमधला रोध मोजून घ्या. साध्या मल्टिमीटरला ही गळती दिसेलच असं नाही. ओव्हनची ओलावलेली कॉईल कधीकधी वाळवून चालते. गिझरची मात्र बदलावी.

आरसीसीबी काढून थेट जोडणी कधीही करू नका. अर्थिंग तुटलेलं असेल, तर गळणारा करंट अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाईल. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघा. लाईट असताना दाबूनही खटका पडला नाही, तर मात्र तो खरंच बदला.