चाळिशीनंतरची पहिली रेषा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काही नवे शिकायचे म्हटले, की आपल्या घरांत त्याची यादी जवळपास ठरलेली असते. संगणक, दुचाकी, तजवीद, फार तर इंग्रजी संभाषण. व्यंगचित्र त्या यादीत नसते. चिंचवडमध्ये दर रविवारी दोन तास चालणाऱ्या नवशिक्यांच्या व्यंगचित्र वर्गात मी नाव घातले, तेव्हा शाळेतल्या सहशिक्षिकेने सरळ विचारले, "आपा, याचा उपयोग काय?" दहा रविवार झाले. आता त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे वाटते.

वर्गात आम्ही चौदा जण होतो. सर्वांत लहान बावीस वर्षांची मुलगी, सर्वांत मोठे एक निवृत्त फिटर. चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे दोघे होते. रात्रपाळी संपवून, मोशी-भोसरीची कोंडी पार करून ते यायचे आणि पहिली दहा मिनिटे फक्त चहा प्यायचे. चित्रकलेची परीक्षा दिलेले कोणीच नव्हते.

नऊ चेहरे

पहिल्या दिवशी सरांनी वर्तुळ काढायला सांगितले. त्यात डोळ्यांसाठी दोन ठिपके. मग भुवयांचे तीन प्रकार: सरळ, आत उतरत्या, बाहेर उतरत्या. तोंडाचेही तीन प्रकार: सरळ रेघ, वर वळलेली, खाली वळलेली. प्रत्येक भुवई प्रत्येक तोंडाशी जोडली की नऊ चेहरे होतात. राग, दु:ख, खोडकरपणा, कंटाळा, खोटे हसू, सगळे त्यात सापडते. आत उतरत्या भुवया आणि वर वळलेले तोंड काढून पाहा. काहीतरी कट शिजवणारा माणूस लगेच समोर येतो.

दुसरा धडा मापाचा. प्रत्यक्षात मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते आठ पट असते. व्यंगचित्रात ती तीन-चार पटीवर आणतात. डोके मोठे झाले की चेहऱ्यावरचा भाव लांबूनही दिसतो. हे ऐकताना मला लहानपणीची तख्ती आठवली. नस्तालीक लिहिताना अक्षराची उंची-लांबी कलमाच्या नुक्त्याने मोजतात, इथे शरीर डोक्याने मोजायचे. बरूची कलम तिरकी धरली की रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. शाईच्या ब्रशचेही तेच. उर्दू शाळेत शिकलेल्यांचा हात या कामाला आधीच थोडा तयार असतो.

एक अडचण मात्र फक्त माझी होती. चार चौकटींची चित्रकथा मराठीत डावीकडून उजवीकडे वाचतात, उर्दूत उजवीकडून डावीकडे. उर्दूसाठी केलेली चित्रकथा मराठीत द्यायची तर चौकटी आणि बोलाचे फुगे, सगळ्यांचा क्रम बदलावा लागतो. नाहीतर उत्तर आधी येते आणि प्रश्न मागून.

ही कला आपल्याला परकी नाही

'कार्टून' हा शब्द जाड कागदाच्या इटालियन नावावरून आला. 1841 साली लंडनमध्ये 'पंच' हे साप्ताहिक निघाले आणि 1843 मध्ये त्याने उपहासाच्या चित्राला हे नाव दिले. त्याच धर्तीवर 1877 मध्ये लखनौहून मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 'अवध पंच' काढले. त्यात अकबर इलाहाबादी लिहीत, आणि व्यंगचित्रेही असत. म्हणजे उर्दू वाचकाला हे वळण जवळपास दीडशे वर्षांपासून ओळखीचे आहे.

मराठीतली परंपरा तर दारातच आहे. वसंत सरवटे व्यवसायाने इंजिनिअर होते. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, तरी त्यांचा न बोलणारा 'कॉमन मॅन' देशभर पोहोचला. 1925 साली जन्मलेले शि. द. फडणीस यांनी शब्दांविना हसवले. तरुणीच्या पोशाखावर उंदीर आणि शेजारी उभ्या तरुणाच्या शर्टवर मांजरे, एवढ्यावर त्यांचे एक मुखपृष्ठ पूर्ण झाले. महाराष्ट्राच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांतही त्यांनी चित्रे काढली. रुक्ष विषयात हसू आणता येते, हे आम्हा शिक्षकांना त्यातून दिसते.

शब्दांविना चित्राची किंमत चाकणच्या त्या दोघांनी मला समजावली. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि कारखान्यांत भित्तिचित्रांच्या स्पर्धा होतात. त्यांच्या लाइनवर मराठी, हिंदी, ओडिया, बंगाली बोलणारी मुले एकत्र काम करतात. "हातमोजे घाला" ही पाटी सगळ्यांना वाचता येतेच असे नाही. त्यातल्या एकाने चित्र काढले: खुंटीला लटकलेला हातमोजा खाली मशीनकडे बघून घामाघूम झाला आहे. एकही अक्षर नाही. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या मुलाचे बोट गेले होते, म्हणून तो वर्गात आला होता. हे त्याने सातव्या रविवारी सांगितले.

घरातला प्रश्न

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. "बेटा, जिवांची तसवीर काढणे ठीक आहे का?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कठोर इशारे आहेत आणि अनेक उलेमा ती निषिद्धच मानतात. काही विद्वान पूजेशी संबंध नसलेल्या सपाट चित्रांना आणि मुलांच्या शिक्षणाला मुभा देतात. ह. आयशा (रजि.) लहान वयात बाहुल्यांशी खेळत, हेही हदीसमध्येच आहे. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. मात्र एक वाट सर्वांना मोकळी आहे. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितले होते.

सासूबाईंना ही वाट पटली. त्या आता मला विषय सुचवतात. उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला हे त्यांचेच चित्र. एक जोड घाईत उलटासुलटा पडलेला, एक नीट जुळवलेला, एक इवलासा, आणि एक दारापासून दोन हात लांब, निघायच्या तयारीत. घरात कोण आले आहे आणि कोणाला थांबायचे नाही, सगळे कळते. माणूस एकही नाही.

कोणावर हसायचे?

खरा पेच पुढे आला. सहाव्या रविवारी पिंपरीच्या बस थांब्यावरची माणसे काढायची होती. रांगेत एक मुस्लिम गृहस्थ असावा असे पाच जणांना वाटले. पाचही चित्रांत दाढी, जाळीची टोपी आणि लांब कुर्ता. कोणाच्या मनात वाईट काही नव्हते. व्यंगचित्र खुणांवर चालते आणि हातात आलेली पहिली खूण माणूस वापरतो. मी म्हटले, "माझे मिस्टर रोज याच थांब्यावर उभे असतात. कंपनीचा गणवेश, सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा." एकाने विचारले, "मग ते मुस्लिम आहेत हे कळणार कसे?" निवृत्त फिटरकाका म्हणाले, "बसची वाट बघणाऱ्याचे ते कशाला कळायला पाहिजे?"

वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग सरांनी सगळ्यांना पुन्हा चित्र काढायला लावले. या वेळी रांगेतली माणसे वेगळी दिसली ती कंटाळ्यामुळे, घाईमुळे, पिशवीच्या ओझ्यामुळे.

आपल्यालाही हाच नियम लागू आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नका, वाईट टोपणनावे ठेवू नका, अशी शिकवण आहे. जाड्या, काळ्या, तोतऱ्या ही नावे आपल्या घरांतही सर्रास चालतात. माझ्या वर्गात बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून आलेली मुले आहेत. त्यांच्या बोलण्याची नक्कल होते. फळ्यावर चेहरे काढायला लागल्यापासून मी मुलांना एकच अट घातली आहे: कोणाच्या अंगावर, रंगावर, बोलीवर हसायचे नाही. वागण्यावर हसा, आणि सुरुवात स्वत:पासून करा. मग मुलांनी आपापल्या आळसाची चित्रे काढली. उशाखाली दडवलेले गजराचे घड्याळ तिघांनी काढले.

आजच सुरू करायचे तर

फार सामान लागत नाही. एक टूबी पेन्सिल, खोडरबर, पाण्याने न पसरणारे काळे पेन आणि मुलांची जुनी पाठकोरी वही पुरे. आधी पेन्सिलने फिकट काढा, वर पेनाने गिरवा, शाई वाळल्यावरच खोडा. चित्र चुकले आहे असे वाटले, पण कुठे ते कळले नाही, तर आरशात धरून पाहा. चूक तिथे लगेच दिसते. रोज पंधरा मिनिटे द्या आणि शेजारी मुलांना बसवा.

सहशिक्षिकेला मी हेच सांगितले. उपयोग विचाराल, तर माणसाकडे पाहण्याचा वेग कमी होतो. भुवई कशी आहे, खांदा कुठे झुकला आहे, हे पाहावे लागते. सासूबाईंचा गुडघा दुखतो आहे, हे मला त्यांनी सांगण्याआधी त्यांच्या चपलेच्या झिजलेल्या टाचेवरून कळले. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो.