विक्रमापुढचं तारकाचिन्ह

७ ऑगस्ट २००७ रोजी बेसबॉलपटू बॅरी बॉन्ड्‌सने कारकिर्दीतला ७५६वा होमरन मारून हँक ॲरनचा विक्रम मोडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या घरच्या मैदानावर जल्लोष झाला. बाहेरगावी मात्र त्या मोसमात प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत, तारकाचिन्हाचे फलक दाखवत. ही खूण म्हणजे विक्रमावरचा आक्षेप. पुढे एका फॅशन व्यावसायिकाने तो विक्रमी चेंडू सुमारे साडेसात लाख डॉलरना लिलावात घेतला, लोकांचं मत मागवलं आणि सर्वाधिक मतं मिळालेल्या पर्यायाप्रमाणे चेंडूवरच ते चिन्ह कोरून घेतलं.

त्याने उत्तेजकं घेतल्याच्या संशयाचं मूळ कॅलिफोर्नियातल्या बाल्को कंपनीत होतं. तत्कालीन चाचण्यांत न सापडणारं स्टेरॉइड तिथून खेळाडूंना मिळे. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं बॉन्ड्‌सचं म्हणणं.

पण पस्तिशी उलटल्यावर, २००१ मध्ये, एकाच मोसमात ७३ होमरन? समर्थक म्हणतात, नजर आणि अचूक टायमिंग औषधाने येत नाही. हे खरंच आहे. तेव्हा शिक्षेची तरतूद असलेल्या चाचण्याच नव्हत्या, हा त्यांचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. स्वच्छ खेळलेल्यांवरचा अन्याय त्याने पुसला जात नाही. २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीतही, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी लागणारी ७५ टक्के मतं त्याला मिळाली नाहीत.