वेचणीचा शर्ट

कापूस वेचायला निघालेल्या बायांकडे एकदा नीट पाहा. साडी, तिच्यावर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, नाक-कान झाकून बांधलेला दुपट्टा आणि कमरेला ओटी. हा वेश त्यांना कुणी शिकवला नाही, कामातून त्यांनीच तो घडवला, आणि त्यात शहाणपण आहे. वर्धा जिल्ह्यात माझं शिलाईचं दुकान आहे. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बहुतेक जणी सकाळी निंदणाला नाहीतर वेचणीला जाऊन आलेल्या असतात. त्यांची मापं घेताना, उसवलेले कपडे दुरुस्त करताना माझं एक मत पक्कं झालं आहे: शेतातल्या बाईच्या अंगावरचा शर्ट उतरलेला नसावा. तिच्या मापाचा, तिच्या कामासाठी शिवलेला असावा.

शर्ट लागतोच. पऱ्हाटीच्या काड्या, वाळून टोकदार झालेली बोंडं हात ओरबाडतात. सोयाबीन कापताना अंगाला खाज सुटते. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्या बाईचे हात, मान, चेहरा लाल होऊन सोलवटतात. शिवाय ऊन असतंच. पण पुरुषाचा शर्ट पुरुषाच्या अंगावर बेतलेला असतो. बाईने घातला की खांदा दंडावर उतरतो, छातीवर बटणं ताणतात आणि कमरेखाली घेर पुरत नाही. त्यात तो बहुधा टेरिकॉटचा असतो. घाम टिपत नाही, पाठीला चिकटून राहतो.

शिवायचाच असेल तर वेचणीसाठी मांजरपाट किंवा जाडसर सुती पॉपलीन घ्यावं. टू बाय टू रुबिया ब्लाऊजला छान, पण पऱ्हाटीत आठवडाभरात फाटतं. कापड आधी पाण्यातून काढून मगच कापायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. माप मी दोनदा घेते: एकदा उभं राहून आणि एकदा वाकून. वाकल्यावर पाठीची लांबी वाढते, शर्ट मागून वर सरकतो आणि कंबर उघडी पडते. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं लांब आणि पाठीला दोन चुण्या. मुंढा सैल ठेवायचा, काखेत चौकोनी तुकडा जोडायचा, कारण सगळ्यात आधी शर्ट तिथेच उसवतो. मनगटाला बटण हवं, म्हणजे बाही फांदीत अडकत नाही. पुढून उघडणारा हवा; अंगावर पिणारं लेकरू धुऱ्यावर झोळीत असतं.

आणि खिसे. एक गिऱ्हाईक मला म्हणाली, "ताई, खिसे दोन ठेवजा. एकात मोबाईल, एकात पैसे. कमरेले खोसले का वाकल्यावर पडते." बायांच्या कपड्यांना खिसा देण्याची रीतच आपल्याकडे नाही. मी आता आतल्या बाजूने खोल खिसा लावते आणि त्याला बटणाची पट्टी देते.

ओटीकडे मी जास्त लक्ष देते. वेचलेला कापूस ओटीत साठत जातो, काही किलोंचं ते ओझं सगळं कमरेवर येतं. त्याच्याखाली परकराची नाडी असते. साडी सुटू नये म्हणून ती आवळून बांधलेली असते, आणि वर्षानुवर्षं रोज त्याच जागी. कितीतरी बायांच्या कमरेवर काळा, जाड झालेला वळ मी माप घेताना पाहिला आहे. त्या त्याला काही समजत नाहीत. पण १९४५ मध्ये डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये तशाच दोन बायांची हकिगत मांडली. एक सत्तरीची, घट्ट नाडीचा परकर नेसणारी. दुसरी साठी ओलांडलेली, परकराशिवाय घट्ट लुगडं नेसणारी. कमरेवरची जखम भरत नाही म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. हा आजार विरळा आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण कमरेवर न भरणारी जखम दिसली तर लेप लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

यावर शिंप्याच्या हातातलं उत्तर सोपं आहे. बारीक नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टा, त्याला हूक किंवा बटण. ताण एका रेषेवर न पडता पसरतो. आणि ओटी कमरेला न बांधता खांद्यावरून पट्टे घेऊन शिवलेली, समोर मोठी खोळ असलेली. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हात अडवणारी कुठलीही वस्तू बाई फेकून देणार, आणि तिचं बरोबर आहे. म्हणूनच ओटीचं तोंड रुंद हवं आणि हातमोज्यांची बोटं पुढून कापलेली हवीत. जुने पायमोजे कापून हातात घालणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. युक्ती चांगली आहे.

साडी सोडून सलवार किंवा पँट घाला, असा सल्ला शहरातून येतो. तरुण मुली सलवारवर शेतात जातातही. पण उघड्या रानात आडोसा नसतो, साडीत बाईला लघवीला बसता येतं, अब्रू झाकली जाते. ही गोष्ट कुणी बोलत नाही, आणि कपडा मात्र तिच्यावरच ठरतो. जुन्या बायांचं कासोट्याचं नऊवारी खरं तर कष्टाचंच वस्त्र. पाय मोकळे राहतात, वाकता-बसता येतं. सुती नऊवारी आज महाग पडते, म्हणून पॉलिस्टरची साडी आली. पावसाळ्यात चिखलात तिला मी नावं ठेवणार नाही. सुती लुगडं भिजलं की जड होतं आणि दिवसभर वाळत नाही.

मात्र मळणी यंत्राजवळ पदर, दुपट्ट्याचं टोक, मोकळी वेणी काहीही लोंबता कामा नये. पट्ट्यात पदर गेला तर यंत्र थांबवेपर्यंत वेळ मिळत नाही. त्या दिवशी पदर पूर्ण खोसावा आणि वरून शर्ट बटणं लावून घालावा. डोक्याला दुपट्ट्याऐवजी मागे गाठ मारलेला रुमाल बांधावा.

फवारणीचं वेगळंच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून पाहिलं. फवारणारा बहुधा पुरुष असतो, पण पाणी आणून देणारी, औषध कालवायला मदत करणारी आणि संध्याकाळी त्याचे कपडे धुणारी बाईच. सुती कापड घाम टिपतं तसंच औषधही टिपतं, आणि ते अंगाला लागून राहतं. फवारणीचा जोड वेगळाच ठेवा. घरच्या कपड्यांत मिसळू नका, रबरी हातमोजे घालून साबणाने दोनदा धुवा, उन्हात वाळवा. पोटुशी बाई आणि लेकरू पाजणारी आई यांनी त्या कामाला आणि त्या धुण्याला हात लावू नये.

पायांचं काय? घोणस, फुरसं चावतं ते बहुधा पायालाच. ओल्या काळ्या मातीत गमबूट चिखल धरून जड होतो, म्हणून बाया तो काढून टाकतात. कोरड्या दिवसांत, निदान सकाळच्या ओल्या गवतात आणि रात्री पाणी द्यायला जाताना बंद बूट हवाच.

बियाणं, खत, औषध यांच्या यादीत घरच्या बाईचा एक शर्ट आणि एक रुंद पट्ट्याचा परकर बसवा. मजूर लावत असाल तर त्यांच्यासाठी खांद्याच्या ओट्या तुम्ही शिवून ठेवा. कापड दसऱ्याआधी घ्या. दिवाळीजवळ आम्हा शिंप्यांना मान वर करायला फुरसत नसते. आणि माप द्यायला बाईलाच पाठवा, नवऱ्याचा जुना शर्ट पाठवू नका.