गेलेल्या माणसाच्या नावाने

घरातले माणूस गेले की तेरा दिवस घर भरलेले असते. चौदाव्या दिवशी पाहुणे परततात आणि एक प्रश्न मागे राहतो : 'बाबांना असे अचानक झाले, मग माझे काय?' हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. वेळीच विचारला, तर मागे राहिलेल्यांचे आयुष्य तो सांभाळतो.

हृदयविकाराचा कल घराण्यातून येतो. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हा विकार झाला असेल, तर बाकीच्यांनी जपले पाहिजे. पण ५२ देशांतल्या माणसांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २००४ साली प्रसिद्ध झाली, असे आढळले की बहुतेक झटक्यांच्या मुळाशी तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, बैठेपणा अशी आवरता येणारी कारणे असतात. घराणे बदलता येत नाही. सवय बदलता येते.

आधी दुःखाचे दिवस सांभाळा. इंग्लंडात ५५ वर्षांवरील सुमारे साडेचार हजार विधुरांची पाहणी झाली. १९६९ साली तिचा निष्कर्ष आला : पत्नी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. म्हणून सुतकातही रक्तदाबाची गोळी चुकवू नका. जी आई सगळ्यांना वाढते, ती स्वतः जेवली का, झोपली का, एवढे कुणीतरी विचारा.

मग सवयीकडे वळा. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने एखादा आवडता पदार्थ सोडायची रीत आहे. कुणी वांगे सोडतो, कुणी आंबा. या रीतीला थोडे वळण देऊ या. वांग्याने कुणाचे नुकसान केले नाही. सोडायचीच तर तंबाखू सोडा, आणि मिश्रीही तंबाखूच, हे विसरू नका. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, याच्या आत ठेवा; पापड, लोणचे, सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरा. नुसते सोडून भागत नाही, रिकाम्या जागी काही धरावेही लागते. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अडीचशेच्या वर. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा वर्षश्राद्धापर्यंतची मुदत घ्या. ती पुरेशी आहे.

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठले. त्यांनी आहार, व्यायाम व मन यांची घडीच बदलली आणि 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले. त्यांना इशारा स्वतःच्या शरीराने दिला. आपल्यापैकी पुष्कळांना तो घरातल्या माणसाच्या जाण्याने मिळतो.

एकट्याने धरलेली सवय लवकर सुटते. मुंबईच्या उपनगरातले चारकोप पाहा. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने तिथे वसाहत आखली, तेव्हा सुमारे ३५ घरांचा एकेक गट मोकळ्या अंगणाभोवती बसवला. अशा अंगणात दुःखाच्या वेळी सारे शेजारी जमतात. तेच शेजारी रोज चालण्याचे सोबती का होऊ नयेत? तुमच्या गावी पार आहे, शाळेचे मैदान आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, पालकसभेत एवढे जरूर सांगा : तिशी ओलांडलेल्याने आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, आणि घरात कोण कोणत्या आजाराने, कितव्या वर्षी गेले, ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे. भिंतीवरच्या तसबिरीला हार आपण घालतोच. हा कागदही त्याच मायेने जपून ठेवावा.