मत कर्जदाराचे, पैसा ठेवीदाराचा

६ डिसेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खात्यात वीस हजार असोत की वीस लाख, हातात मिळणार फक्त दहा हजार. १९१० साली सुरू झालेली ही बँक. नगरच्या बाजारपेठेतली दुकाने, निवृत्त शिक्षकांची ग्रॅच्युइटी, मुलींच्या लग्नासाठी ठेवलेल्या पावत्या, सगळे तिथे होते. पुढे ४ ऑक्टोबर २०२३ ला तिचा परवानाच रद्द झाला आणि ११३ वर्षांचा कारभार एका आदेशाने थांबला.

बुडालेल्या बँकांच्या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. या गोष्टीत चक्रावून टाकते ती तारखांची रांग. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमला होता. म्हणजे कारभारात काहीतरी बिघडले आहे, हे गावाला अधिकृतपणे कळून दोन वर्षे झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये बँकेची निवडणूक झाली. बँक परत गेली ती आधीच्या सत्ताधारी गटाकडेच. आणि नवे मंडळ खुर्चीत बसते न बसते तोच निर्बंध आले.

लोकांनी असे का केले? नगरमध्ये याचे तयार उत्तर मिळते: ‘इथलं राजकारणच तसलं.’ मला ते उत्तर आळशी वाटते. खरे उत्तर त्याहून कितीतरी अजब आहे. ज्यांचे पैसे अडकले, त्या लोकांनी ही निवड केलेलीच नव्हती. त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते.

सहकारी बँकेत मत असते सभासदाला, आणि सभासद होतो शेअर घेणारा. ठेव ठेवायला सभासद व्हावे लागत नाही. आधार, पॅन आणि दोन फोटो दिले की खाते उघडते, एफडी होते, पावती मिळते. कर्ज घ्यायचे तर मात्र शेअर घ्यावेच लागतात. तारणी कर्जाच्या अडीच टक्के, विनातारण कर्जाच्या पाच टक्के, असा रिझर्व्ह बँकेचा वर्षानुवर्षांचा दंडक. दहा लाखांचे घरतारण कर्ज घेणारा पंचवीस हजारांचे शेअर घेतो आणि सभासद होतो. मत प्रत्येकी एकच. शेजारी दहा लाखांची ठेव ठेवणारा फक्त खातेदार राहतो.

आता बँकेकडे फिरणारा पैसा कुणाचा ते पाहा. भागभांडवल थोडे, ठेवी अफाट. म्हणजे पैसा एकाचा आणि तो सांभाळणारे निवडण्याचा हक्क दुसऱ्याचा. त्यातही हा दुसरा त्याच पैशाचा ऋणको. कर्जदाराला कसा संचालक हवा असतो? व्याज कमी ठेवणारा, वसुलीला फार कडक नसणारा, नूतनीकरणाला अडवणूक न करणारा. ठेवीदाराला नेमका उलटा माणूस हवा. एकाच संस्थेत हे दोन पक्ष आहेत आणि मतपेटी एकाच्याच दारात ठेवलेली आहे. प्रत्येक कर्जदार सभासद लबाड असतो असे मुळीच नाही. बहुतेक जण हप्ते वेळेवर भरतात. पण लगाम कुणाच्या हातात आहे, हे रचनेनेच ठरवून टाकले आहे.

हा नियम कुणी कट करून आणला नाही, ही त्यातली आणखी एक नवलाची गोष्ट. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ साली. त्याही आधी, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती. ‘अन्योन्य’, म्हणजे एकमेकांना धरून. तेव्हा ठेव ठेवणारा आणि कर्ज काढणारा एकाच आळीतले असत. आज ज्याची शिल्लक, त्याचीच पुढच्या वर्षी नड. अशा मंडळीत सभासदाला मत म्हणजे सगळ्यांनाच मत. पुढे बँका वाढल्या, शाखा पुण्या-मुंबईकडे गेल्या, अनोळखी लोकांच्या ठेवी आल्या आणि नियम जागच्या जागी राहिला.

याच जिल्ह्यात सहकाराचे दुसरे रूप उभे आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरेचा कारखाना उभा केला. तिथे ऊस घालणारा शेतकरीच सभासद आणि त्यालाच मत. भाव कमी मिळाला तर चटका त्यालाच बसतो. (कारखान्यांच्या निवडणुका म्हणजे रामराज्य, असे माझे म्हणणे नाही, नगरकर वाचक हसतील.) पण निदान ज्याला झळ, त्याला मत. बँकेत ही साखळी तुटलेली आहे.

हे दुरुस्त करण्याचे कुणाला सुचले नाही काय? सुचले, आणि कितीदा! नागरी सहकारी बँकांवर माधव दास समितीचा अहवाल १९७९ चा. मराठे समिती १९९२, माधव राव समिती १९९९. २००१ मध्ये गुजरातची माधवपुरा बँक कोसळली, त्यानंतर संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी आली. मालेगाम समिती २०११, गांधी समिती २०१५. २०१९ मध्ये पीएमसी बँक बुडाली, मग २०२० मध्ये कायदा बदलला आणि २०२१ मध्ये विश्वनाथन समितीचा अहवाल आला. बँक बुडते, समिती बसते, अहवाल येतो, त्यातले थोडे अमलात येते, उरलेले पुढच्या समितीला आयते मिळते.

ठेवीदाराच्या मताचाही विचार झाला. शेतकऱ्यांच्या सहकारी पतपुरवठ्यासाठी नेमलेल्या वैद्यनाथन कार्यदलाच्या शिफारशींवरून २००६ मध्ये केंद्राने पुनरुज्जीवनाचे पॅकेज आणले. त्यात ठेवीदारांसह सेवा घेणाऱ्या सगळ्यांना मताधिकार द्या, असे कलम आहे. मात्र त्याच वाक्यात पुढे आहे: सहकारी बँका वगळून. गावच्या सोसायटीत जे न्याय्य ठरले, ते सहकारी बँकेच्या दारापर्यंत येऊन थांबले.

संचालकांच्या मुदतीचेही तसेच. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही आठ वर्षांची मर्यादा लागू झाली. त्याहून अधिक काळ सलग संचालक राहता येईना. वर्षानुवर्षे तेच चेहरे बघणाऱ्यांना बरे वाटले. ती मर्यादा खरोखर टोचू लागण्याआधीच २०२५ च्या दुरुस्तीने दहा वर्षे झाली. कारण दिले गेले ते तर्कशुद्ध आहे: घटनेच्या ९७ व्या दुरुस्तीत मंडळाची मुदत पाच वर्षे, म्हणून दोन मुदती मिळून दहा. गंमत अशी की त्याच ९७ व्या दुरुस्तीचा राज्यांतल्या संस्थांपुरता भाग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये रद्द केला होता, राज्यांची संमती घेतली नव्हती म्हणून.

इतके सगळे होऊन लोक पेटून का उठत नाहीत? इथे या गोष्टीतले सर्वांत विलक्षण यंत्र समोर येते: ठेव विमा. तो जन्मला तोही बँका बुडाल्यामुळेच. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला; संरक्षण दीड हजार रुपयांचे. वाढत वाढत १९९३ मध्ये ते एक लाखावर आले आणि तिथे सत्तावीस वर्षे अडून बसले. पीएमसीच्या ठेवीदारांनी मुंबईचे रस्ते गाजवल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. हप्ता बँक भरते; २०२० मध्ये तो शंभर रुपयांमागे वर्षाला बारा पैसे झाला. २०२१ च्या दुरुस्तीने तर बँक बंद पडण्याची वाटही बघावी लागत नाही: निर्बंध आल्यावर ४५ दिवसांत बँकेने यादी द्यायची, ३० दिवसांत ठेव विमा महामंडळाने तपासायची, पुढच्या १५ दिवसांत पैसे. एकूण नव्वद.

नगर अर्बनच्या ठेवीदारांना याचा लाभ झाला. परवाना रद्द होण्याआधीच विम्याचे वाटप सुरू झाले होते. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळू शकते, असे परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले. आकडा ऐकून हायसे वाटते. पण हे ९५ टक्के माणसांचे आहेत, रुपयांचे नव्हेत. उरलेल्या पाचांत आयुष्यभराची पुंजी एकाच बँकेत ठेवलेला पेन्शनर येतो. संस्थाही येतात: कायद्याच्या लेखी संस्था म्हणजे एकच ठेवीदार, मग एखाद्या पतसंस्थेने हजार सभासदांचे पाच कोटी ठेवले असले तरी विमा पाच लाखांचाच. शिवाय बुडीत कर्जांतून जी वसुली होईल, तिच्यातून आधी विमा महामंडळाची भरपाई आणि मग या मंडळींचा नंबर.

ठेव विमा ही विसाव्या शतकातल्या उत्तम कल्पनांपैकी एक आहे, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्याचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. तो गर्दी पांगवतो. काल बँकेच्या दारात शंभर जण होते. नव्वद दिवसांनी त्यांतले पंचाण्णव पैसे घेऊन घरी गेले. मागे राहिले पाच. फॉरेन्सिक ऑडिटची मागणी, पोलिसांकडे पाठपुरावा, कोर्टाच्या तारखा, बनावट सोनेतारणाच्या आणि संशयास्पद कर्जांच्या तक्रारी, अवसायकाकडचे हेलपाटे, सगळे त्या पाचांनी आणि काही चिवट सभासदांनी ओढायचे. आंदोलन मोडायला कुणी लाठी उगारावी लागत नाही. नगरमध्ये आज ऐकू येणारा ‘काही होत नाही हो’ हा सूर केवळ थकव्याचा नाही. तो संख्याबळ संपल्याचाही आहे.

जिथे सगळ्यांना मत होते, तिथे तरी काय झाले? आइसलंड हा देश २०११ च्या जनगणनेतल्या नगर शहराहूनही लहान, तेव्हा सव्वातीन लाखांच्या आतबाहेर वस्तीचा होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्याच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. लोकांनी सरकार घालवले, पंचवीस सामान्य नागरिकांच्या परिषदेने नवी घटना लिहिली आणि २०१२ च्या सार्वमतात दोनतृतीयांश मतदारांनी तिला पाठिंबा दिला. २०१३ मध्ये संसदेचे अधिवेशन संपले, घटना तिथेच राहिली. त्या मसुद्यात प्रत्येक मताला समान वजन द्या, अशी तरतूद होती. आणि ती मंजूर करायची होती जुन्या, असमान वजनाच्या मतांवर निवडून आलेल्या संसदेने. नगरची बँक आणि आइसलंडची संसद यांत हजारो मैलांचे अंतर असेल, पण कुलूप एकाच बनावटीचे आहे: दार उघडायची किल्ली, ते बंद राहण्यात ज्याचे हित, त्याच्याच खिशात.

हे सगळे नगर जिल्ह्यात घडावे, यात एक बोचरी विसंगती आहे. याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे माहितीच्या अधिकारासाठी उपोषणाला बसले आणि देशाच्या आधी महाराष्ट्राला तो कायदा मिळाला. २०११ मध्ये त्यांनी लोकपालासाठी दिल्ली हलवली. कायदा जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीअखेर अण्णा राळेगणला पुन्हा उपोषणाला बसले होते. आणि माहितीचा अधिकार? सहकारी संस्था सरसकट ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१३ मध्ये दिला. म्हणजे राळेगणच्या माणसाला मंत्रालयातली फाईल मागता येते, पण स्वतःची ठेव असलेल्या बँकेचा कर्जव्यवहार मागता येत नाही.

एक खिडकी मात्र उघडी आहे. रिझर्व्ह बँक स्वतः सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि तपासणी अहवाल दडवता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात बजावले. तो अर्जदारही गुजरातच्या एका सहकारी बँकेचीच माहिती मागत होता.

तेव्हा वाचकहो, कायदा बदलेपर्यंत थांबू नका. तुमची पावती बँकेची आहे की पतसंस्थेची, ते आजच पाहा. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात आणि एकाच नावाची सगळ्या शाखांतली खाती एकत्र मोजतात, हे लक्षात ठेवा. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात आधी त्याचे नाव आणि दुसऱ्या खात्यात आधी तिचे नाव असेल, तर विम्यासाठी ती दोन वेगळी खाती ठरतात. हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि तुमची ठेव सहकारी बँकेत असेल तर थोडेसे शेअर मागा, मतदानाचा हक्क असलेले नियमित सभासदत्व मागा, नाममात्र नको. बँक टाळाटाळ करू लागली तर लेखी कारण मागा. मिळाले की सप्टेंबरातल्या वार्षिक सभेला जा, आणि विषयपत्रिका ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पुढे सरकू लागली की थकीत कर्जाच्या पानावर उभे राहून प्रश्न विचारा.