अडकलेला राखणदार

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, कॅन्सरवर नुसती गोळी निघालीय म्हणतात, खरं का?" आज त्याबद्दलच बोलू.

आपल्या पेशींत पी-५३ नावाचं प्रथिन असतं. १९७९ मध्ये ते सापडलं. पेशीत बिघाड झाला की ते तिची वाढ थांबवतं, दुरुस्त होत नसेल तर तिला मरायला लावतं. शेताचा राखणदारच म्हणा. एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला आवरून धरतं. तेही लागतंच, नाहीतर राखणदार चांगल्या पेशींवरही काठी उगारेल! पण काही गाठींत ते फार वाढतं आणि राखणदार अडकून पडतो.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या नटली गावच्या संशोधकांनी 'नटलिन' नावाचे छोटे रेणू जगापुढे मांडले. नाव गावावरूनच पडलं. एमडीएम-२ च्या ज्या खाचेत पी-५३ अडकतं, तिथं हा रेणू आधीच जाऊन बसतो. राखणदार मोकळा.

मात्र जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३च बिघडलेलं असतं. तिथं त्याला सोडवून काय उपयोग? त्याची घडी पुन्हा नीट बसवणारे वेगळे रेणू शोधले जात आहेत. शिवाय नटलिनसारख्या औषधांनी रक्तातल्या प्लेटलेट घटतात, हे रुग्णांवरच्या चाचण्यांत दिसलंय.

म्हणजे ही औषधं अजून चाचणीतच आहेत, बाजारात नाहीत. त्यांच्या नावानं कुणी दारावर पुडी विकत असेल तर घेऊ नका, चालू केमो तर मुळीच सोडू नका. अशा पुडीसाठी आपण गटातून कर्ज देणार नाही. दवाखान्याच्या एसटी भाड्यासाठी लागलं, तर जरूर मागा.