वाचनालयात जुना चित्रपट दाखवायचा तर काय काय बघावं लागतं?

बेळगाव : सीमाभागातल्या कुठल्याही वाचनालयात संध्याकाळी डोकावलं, तर वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती पांढऱ्या केसांचीच गर्दी जास्त. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकणारी मुलं घरी मराठी बोलतात, पण तीनशे पानांची मराठी कादंबरी हातात घ्यायला कचरतात. नातू आणि आजोबा दोघांनाही एका खोलीत बसवायचा एक उपाय म्हणजे जुना मराठी चित्रपट आणि त्यानंतरची चर्चा.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. पुस्तकं जपायची सवय आपल्याला जुनी आहे, चित्रपट जपायची मात्र लागली नाही. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले अगदी मोजके उरलेत. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा तुकडाच शिल्लक आहे. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली केलेला ‘सावकारी पाश’ तर गेलाच. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची, शिवाय तिच्यातली चांदी काढण्यासाठी रिळं विकली जायची. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून मिळेल ते गोळा केलं, म्हणून आज दाखवायला काहीतरी आहे. हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आलं.

सुरुवात ‘प्रभात’च्या १९३७ च्या ‘कुंकू’ने करावी. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच तयार नाही, एवढी ही गोष्ट. नीराच्या भूमिकेत शांता आपटे, दिग्दर्शक व्ही. शांताराम. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाजच ऐकू येतात. हेच चर्चेला उपयोगी पडतं. ‘चित्रपट आवडला का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘कुठला आवाज लक्षात राहिला?’ असं विचारावं. कुणी घड्याळ म्हणेल. मग ते जुनं घड्याळ कुणाचं, ते बंद का पडतं, यावरून बोलणं आपोआप नवऱ्याच्या वयावर आणि त्या काळच्या लग्नांवर येतं. वकिलाच्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. संततिनियमनाचं काम करणाऱ्या त्याच या बाई, हे सांगितलं की कॉलेजच्या मुली सरसावून बसतात.

चर्चा चालवणाऱ्याने आधी दहा मिनिटंच बोलावं आणि शेवट सांगू नये. अवघड भाग वेगळाच असतो. एखादे काका माईक धरून ‘आमच्या वेळी’ सुरू करतात ते थांबतच नाहीत. त्यांना अडवू नये, ‘तुमच्या घरात असं लग्न झालं होतं का?’ असं विचारावं. भाषण तिथेच आठवणीकडे वळतं. कन्नड शेजारी येणार असतील तर त्याच वेळी काढलेली हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ आहे.

आता हक्कांचं. तिकीट नाही म्हणजे परवानगी नको, असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. कायद्याने चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. त्या हिशेबाने ‘कुंकू’ कधीच मोकळा झाला. पण कथा, गाणी, संगीत यांचा हिशेब वेगळा, तो लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेल्या पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ घ्या. चित्रपट १९५३ चा, म्हणजे त्यावरचा हक्क २०१३ अखेर संपला. पु. ल. मात्र २००० साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचा आणि संगीताचा हक्क २०६० पर्यंत आहे. तेव्हा संबंधितांना पत्र लिहून लेखी उत्तर फाईलला लावणं बरं. यूट्यूबवरची प्रत उतरवून लावणं तर टाळावंच. पुष्कळदा ती कापलेली असते आणि आवाज नुसता खरखरतो.

खर्चाची बाजू फार मोठी नाही. हॉल, खुर्च्या, पंखे वाचनालयाचे असतातच. प्रोजेक्टर एखाद्या शाळेकडून मागता येतो. पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत. जुन्या चित्रपटातले संवाद कळले नाहीत तर मागच्या रांगेतली मंडळी मध्यंतरातच चपला शोधू लागतात. आणि चहा चर्चेनंतर ठेवावा. आधी दिला तर निम्मे लोक कप खाली ठेवून थेट घरी जातात.